लष्करी डब्यातली काडतुसं

त्या काळी हॅरोज फोर्डमध्ये कोंबडीची पिल्लं टपालाने यायची आणि रिव्हॉल्व्हरं रेल्वेच्या पार्सलाने. कुणी काही विचारत नसे. पिल्लं निदान चिवचिवाट करून आपण आल्याची वर्दी तरी द्यायची. रिव्हॉल्व्हर मात्र तेलकट कागदात गुंडाळलेलं, गुपचूप, एखाद्या पाहुण्यासारखं घरात शिरायचं आणि मग वर्षानुवर्षं हलायचं नाव घेत नसे.

साल एकोणीसशे बासष्ट. नदीकाठचा काचेचा कारखाना दिवसरात्र चालू होता. गावातल्या निम्म्या पुरुषांच्या हातांवर भाजल्याचे डाग होते, आणि उरलेल्या निम्म्यांना शहाणपणाची बाधा होती. डेल्बर्ट केसिंजर दुसऱ्या निम्म्यातला. रेल्वेतून निवृत्त होऊन त्याला दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून तो पैसे वाचवत होता. या दोन वर्षांत पैसे वाचवण्यासाठी त्याने स्वस्तात मिळाली म्हणून लोणी काढायची रवी घेतली (गाय नव्हती), पडझड झालेल्या चर्चचे चार बाक घेतले, आणि कुणाचं तरी अर्धं बुडालेलं होडकं घेतलं, तेही वरचं अर्धं. त्याची बायको ओपल हे सगळं कोठारात रचून ठेवायची. कोठार भरत आलं होतं.

रिव्हॉल्व्हर मात्र डेल्बर्टने विकत घेतलेलं नव्हतं. ते ओपलचं होतं, म्हणजे तिच्या भावाचं.

तिचा भाऊ लॉनी सोळा साली, अमेरिका युद्धात उतरायची वाट न बघता, सरहद्द ओलांडून कॅनडाच्या सैन्यात भरती झाला होता. तीन वर्षांनी परत आला तो एक खोकला आणि एक भलंमोठं इंग्रजी रिव्हॉल्व्हर घेऊन. रिव्हॉल्व्हर त्याने एका इंग्रज कॅप्टनकडून पत्त्यांत जिंकलं होतं. खोकला कुणाकडून जिंकला ते त्याने सांगितलं नाही. एकवीस साली तो त्या खोकल्यातच गेला. त्याचा मुलगा क्लोव्हिस तेव्हा तीन महिन्यांचा होता. जायच्या आधी लॉनीने मुठीवरची लाकडी पट्टी काढून तिच्या आतल्या बाजूला खिळ्याने आपलं नाव कोरलं, पट्टी परत बसवली आणि म्हणाला, “ओपल, पोरगं मोठं झालं की दे.”

पोरगं मोठं झालं, एकेचाळीस वर्षांचं झालं, चार पोरांचा बाप झालं. पण क्लोव्हिसच्या घरात एक साधं कपाटही कुलपाचं नव्हतं आणि त्याची धाकटी दोन पोरं म्हणजे जिवंत माकडं. म्हणून रिव्हॉल्व्हर अजून ओपलच्या कपाटात, पिठाच्या जुन्या पिशवीत, तिच्या लग्नातल्या टेबलक्लॉथखाली होतं. ‘पुढच्या नाताळात देऊ’ असं ती दर नाताळात म्हणायची.

त्या वसंतात डेल्बर्टला पिस्तुलाच्या नेमबाजीचा नाद लागला. बंबखान्याच्या मागच्या मैदानात दर शनिवारी गावचे पुरुष जमायचे, डब्यांवर गोळ्या झाडायचे आणि डबे जिथल्या तिथे ठेवून घरी जायचे. डेल्बर्टने लॉनीचं रिव्हॉल्व्हर नेलं आणि पहिल्याच शनिवारी त्याच्या लक्षात आलं की त्या इंग्रजी रिव्हॉल्व्हरची जाडजूड काडतुसं कॅनडातून मागवावी लागतात आणि एकेक चौदा सेंटांना पडतं. उलट आपल्या लष्कराच्या पिस्तुलाची काडतुसं, सैन्यातून उरलेली, हार्डवेअरच्या दुकानात पाच सेंटांना एक. खाकी पुठ्ठ्याच्या डब्यात पन्नास.

“नऊ सेंट, ओपल,” तो जेवताना म्हणाला. “प्रत्येक वेळी चाप ओढला की नऊ सेंट हवेत.”

“मग चाप ओढू नकोस,” ओपल म्हणाली. “चौदा वाचतील.”

बुधवारी ओपल चर्चमध्ये बायकांबरोबर गोधडी शिवायला गेली होती. ती परत आली तेव्हा कपाटाचा खण उघडा होता, टेबलक्लॉथ पलंगावर होता, आणि डेल्बर्ट व्हर्जिल स्प्राउजकडून येत होता.

व्हर्जिल हा गावचा बंदूक-मिस्त्री. घरामागच्या शेडमध्ये त्याचं लेथ होतं, आणि तो दिवसाला साधारण अकरा शब्द बोलायचा. इंग्रजी काडतुसाला बुडाशी कड असते, त्या कडेवर ते चक्रात अडकून राहतं. लष्करी काडतुसाला तशी कड नाही, म्हणून ते चक्रात टाकलं की सरळ आत घरंगळतं. यावर व्हर्जिलकडे इलाज होता. चक्राची मागची बाजू लेथवर थोडी तासायची, आणि तीन-तीन काडतुसं चंद्रकोरीसारख्या पोलादी पट्टीत अडकवून बसवायची. हा इलाज व्हर्जिलने शोधलेला नव्हता. देशभरातले चिक्कू लोक तो करत होते.

“बसतील,” व्हर्जिलने डेल्बर्टला सांगितलं होतं. “टिकेल का, ते वेगळं.”

यातला पहिला शब्द डेल्बर्ट घरी घेऊन आला. बाकीचे शेडमध्येच राहिले.

ओपलने चक्राची तासलेली, चकचकीत बाजू पाहिली. तिच्या भावाच्या रिव्हॉल्व्हरचा सहा डॉलर देऊन कापलेला तुकडा व्हर्जिलच्या शेडमध्ये लोखंडाच्या भुशात पडला होता. तिने टेबलक्लॉथची घडी घालून खणात ठेवली, आणि त्या संध्याकाळी डेल्बर्टला घेवड्याबरोबर मक्याचा पाव मिळाला नाही. त्याच्या ते लक्षात आलं नाही, ही त्याची आणखी एक बचत.

दुसऱ्या दिवशी डेल्बर्टने कोठारामागे सहा लष्करी काडतुसं झाडली. आवाजाने शेजारच्या हॅडॉक्सची कुत्री दोन दिवस घरी आली नाही. “धक्का? मला तर जाणवलासुद्धा नाही,” असं डेल्बर्ट म्हणाला, आणि पुढचे दोन दिवस कॉफीचा कप डाव्या हाताने धरत राहिला.

रिकाम्या पुंगळ्या नेहमीप्रमाणे ओपलने वेचल्या. काडतुसं पुन्हा भरायचं काम त्या घरात तीच करायची. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला कणीक मळायची जागा आणि दुसऱ्या टोकाला काडतुसं भरायचा हातदाबाचा सांचा होता. दुसऱ्या महायुद्धात ती तीन वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात होती. आठ तास काचेच्या पिंजऱ्यासारख्या खोलीत बसून पितळी तराजूवर बंदुकीची दारू तोलायची. खोलीत शिंकायचीसुद्धा बंदी होती. डेल्बर्टच्या मते हे काम म्हणजे केकसाठी पीठ मोजण्यासारखं. “बायकांना जमतं ते,” तो पाहुण्यांना प्रेमाने सांगायचा.

तर ओपलने पुंगळ्या हातात घेतल्या आणि उलट्या करून पाहिल्या. पुंगळीच्या बुडाला जी छोटी टोपी असते, जिच्यावर बंदुकीच्या घोड्याचा घाव बसतो, ती सहाही ठिकाणी पार चपटी होऊन बुडाशी सपाट झाली होती. पुंगळ्या चक्रात इतक्या घट्ट बसल्या होत्या की डेल्बर्टने त्या लाकडाच्या खुंटीने ठोकून काढल्या होत्या. तिने रिव्हॉल्व्हर कानाशी धरून हलवलं. पूर्वी घट्ट असलेलं चक्र आता किंचित हलत होतं.

“डेल्बर्ट, हे लष्करी काडतूस या रिव्हॉल्व्हरला झेपत नाहीये. हे जुन्या, हलक्या दारूसाठी बनवलेलं आहे. टोप्या बघ.”

“व्हर्जिलने केलंय ते.”

“व्हर्जिलने तासलंय. मजबूत नाही केलं.”

“व्हर्जिलपेक्षा तुला जास्त कळतं?”

हा प्रश्न डेल्बर्टने चाळीस वर्षांत अनेक माणसांची नावं घालून विचारला होता. उत्तर दर वेळी एकच होतं आणि ते ओपल दर वेळी गिळत आली होती. या वेळीही तिने गिळलं. पण तिला नवऱ्याचा उजवा हात आणि दोन्ही डोळे हवे होते. त्यात फार प्रेम होतं असं नव्हे. एका हाताच्या डेल्बर्टला रोज पट्टा लावून द्यायचा, बूट बांधून द्यायचे आणि वर त्याची मतं ऐकायची, हे तिच्याच्याने झालं नसतं.

म्हणून तिने आपली सोय केली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी डेल्बर्ट न्हाव्याच्या दुकानात केस न कापायला जायचा. तो गेला की ओपल खाकी डबा उघडायची. एकेका काडतुसातली गोळी उपसायची, दारू तराजूवर ओतायची, त्यातली हवी तेवढी काढून टाकायची, गोळी परत दाबून बसवायची, आणि सगळी पन्नास काडतुसं पुन्हा डब्यात, त्याच रांगेत. डब्याच्या झाकणाला बोटभर खळ. डेल्बर्ट दुपारी परत येईपर्यंत टेबलावर पाय असायचा, सफरचंदाचा, आणि स्वयंपाकघराला दालचिनीचा वास.

मे ते ऑक्टोबर. तीनशेच्या वर काडतुसं.

डेल्बर्टने ती सगळी झाडली आणि तो खूश झाला. रिव्हॉल्व्हर आता कसं मांजरीसारखं गुरगुरत होतं. नेमही सुधारला, कारण गोळी झाडताना त्याने डोळे मिटणं बंद केलं. आणि मग, जे ओपलच्या ध्यानात यायला हवं होतं आणि आलं नाही, ते झालं. डेल्बर्ट बोलू लागला.

न्हाव्याकडे बोलला, बियाण्यांच्या दुकानात बोलला, चर्चच्या पायऱ्यांवर प्रवचन संपायच्या आत बोलला. “तीनशे लष्करी काडतुसं! पूर्ण ताकदीची! रिव्हॉल्व्हर जसंच्या तसं. पुस्तकं लिहिणारे काहीही लिहितात हो.” काचेच्या कारखान्यातून दमून आलेली माणसं ऐकत होती. मासिकांमध्ये जाहिराती येतच होत्या, जुनी इंग्रजी रिव्हॉल्व्हरं, पंधरा डॉलरला पाच सेंट कमी. आधी एकाने मागवलं, मग दोघांनी. व्हर्जिलच्या शेडबाहेर रांग लागली. व्हर्जिल प्रत्येकाला ‘बसतील’ म्हणत होता आणि पुढचं वाक्य म्हणायचे कष्ट त्याने केव्हाच सोडले होते.

ओपलला वाटलं होतं, आपलं खोटं आपल्या अंगणात राहील. पण डेल्बर्टच्या तोंडी पडलेली कुठली गोष्ट आजवर अंगणात राहिली होती?

नोव्हेंबरमधल्या टर्कीच्या नेमबाजीला, म्हणजे जिंकणाऱ्याला टर्की मिळायची त्या गावच्या स्पर्धेला, दोन दिवस होते. गुरुवारी दुपारी क्लोव्हिस आला. त्याच्या हातात बायकोने दिलेली सफरचंदाच्या मुरांब्याची बरणी होती आणि काखेत तेलकट कागदाचं पुडकं.

“आत्या, बघ काय आणलंय!” त्याने कागद सोडला. आत लॉनीच्या रिव्हॉल्व्हरचा जुळा भाऊ होता, चक्राची मागची बाजू चकचकीत. “अगदी बाबांच्यासारखं. तुझ्याकडचं मागायला जीव होत नव्हता, म्हटलं आपलं आपण घ्यावं.”

“झाडलंस?”

“छे! नव्या बंदुकीची पहिली गोळी टर्कीच्या दिवशी. तुला माहीत आहे ना? आम्ही नव्या रिव्हॉल्व्हरवाले पाचही जण शनिवारीच उद्घाटन करणार, ओळीने उभे राहून. प्रत्येकी दोन डबे लष्करी काडतुसं घेतलीत.”

ही हॅरोज फोर्डची रीत होती. नवी बंदूक घेतली की तिची पहिली गोळी गावासमोर, बंबखान्याच्या मागे, टर्कीच्या नेमबाजीत झाडायची. आधी घरी झाडून बघणारा मनुष्य भित्रा समजला जायचा. ही रीत कुणी पाडली ते कुणालाच आठवत नव्हतं. बहुधा त्याला ती सांगायला वेळ मिळाला नसावा.

“क्लोव्हिस, ती काडतुसं फार जोरकस आहेत. तुझं रिव्हॉल्व्हर फुटेल.”

क्लोव्हिस हसला. त्याचं हसू थेट लॉनीचं. “आत्या, डेल्बर्टकाकांनी तीनशे झाडली! तुझ्या डोळ्यांसमोर!”

तो बोलताना बरणीचं झाकण फिरवत होता आणि ओपल त्याचे हात बघत होती. क्लोव्हिस कारखान्यात काच कोरायचा. फिरत्या दगडावर वाडगा धरून त्यावर तारे आणि नेचाची पानं उमटवायची, केसभर हात सरकला तर आठवड्याचं काम मातीत. अख्ख्या खोऱ्यात तसे हात चारच माणसांचे. त्या दहा बोटांवर सहा माणसं जेवत होती.

क्लोव्हिसला खरं सांगावं, असं तिच्या ओठांवर आलं. पण नवऱ्याला अंधारात ठेवून त्याच्याबद्दलचं खरं आधी भाच्याला सांगायचं, हे तिला जमेना. ती म्हणाली, “मुरांबा छान झालाय,” आणि तो गेल्यावर खुर्चीत बसून राहिली.

जेवताना तिने डेल्बर्टला सांगितलं. मंगळवार, शुक्रवार, तराजू, खळ, सगळं.

डेल्बर्टचा चमचा घेवड्यात थांबला. “म्हणजे मी सहा महिने...”

“हलकी काडतुसं झाडत होतास.”

“किती हलकी?”

“बरीच.”

“गावासमोर?”

“गावासमोर.”

तो लाल झाला, मग पांढरा, मग परत लाल. “मला विचारलंस का?”

“लॉनीचं रिव्हॉल्व्हर लेथवर चढवताना तू मला विचारलंस का?”

यावर डेल्बर्ट पाणी प्यायला. मग म्हणाला, “खोटं. तुला काहीतरी वाटतंय म्हणून ते तसं होत नाही. व्हर्जिलने केलंय ते. उद्या सकाळी मी खरी काडतुसं घेतो, हातात धरून झाडतो, तुझ्या नाकासमोर.”

“धर. पण आधी सांगून ठेवते. उद्यापासून तुझा पट्टा मी लावणार नाही, बूट मी बांधणार नाही, आणि मांस कापून मी देणार नाही. डाव्या हाताने काय ते कर.”

डेल्बर्टने बराच वेळ आपल्या पट्ट्याकडे पाहिलं.

“टायरला बांधू,” तो शेवटी म्हणाला. “दोरीने ओढू. भीती वाटते म्हणून नाही. शास्त्रीय पद्धत आहे ती.”

शुक्रवारी सकाळी न्हाव्याचं दुकान पहिल्यांदाच डेल्बर्टशिवाय उघडलं. कोठारामागे त्याने ट्रकचा जुना टायर रोवला, रिव्हॉल्व्हर त्यात काथ्याने आवळून बांधलं आणि चापाला कपडे वाळत घालायची दोरी लावली. ओपलने न उघडलेला डबा आणला होता. त्यातली सहा खरी काडतुसं तिने स्वतः चंद्रकोरींत बसवली. रिव्हॉल्व्हर बंद करण्याआधी ती जरा थांबली. मग खिशातून तिने स्क्रूड्रायव्हर काढला आणि मुठीवरची लाकडी पट्टी सोडवून ॲप्रनच्या खिशात टाकली.

“ती कशाला काढलीस?” डेल्बर्टने विचारलं.

“लाकूड आहे. उगाच कशाला.”

दोघं रचलेल्या सरपणामागे बसली. डेल्बर्टने दोरी ओढली. हॅडॉक्सची कुत्री रस्त्याने पळत सुटली. रिव्हॉल्व्हर जागच्या जागी होतं.

“एक,” डेल्बर्ट म्हणाला.

दुसरीही गेली. तिसरीही. चौथीला टायर हलला, रिव्हॉल्व्हर हललं नाही. डेल्बर्टच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू परत येऊ लागलं, जे ओपलने लग्नाच्या फोटोत पहिल्यांदा नीट पाहिलं होतं.

“पाच! आता बोल. आता काय म्हणणं आहे तुझं? आण ते इकडे, सहावी हाताने झाडतो.” तो उठून दोन पावलं पुढेही गेला.

ओपलने त्याचा पट्टा मागून धरला. तिच्या हाताला कणकेची आणि सांच्याची सवय होती. डेल्बर्ट हलू शकला नाही.

“सहा बसतात ना त्यात? मग सहा ओढ. वायफळ खर्च मला आवडत नाही.”

तो कुरकुरत खाली बसला आणि त्याने दोरी ओढली.

या वेळचा आवाज वेगळा होता. पहिल्या पाचांसारखा गोल नव्हता, फाटका होता. काहीतरी त्यांच्या डोक्यावरून भणाणत गेलं आणि कोठाराच्या पत्र्यात घुसलं. धूर ओसरल्यावर डेल्बर्ट टायरापाशी गेला. चक्राचा अर्धा भाग नाहीसा झाला होता, वरची पोलादी पट्टी फाटून वर उचलली होती, आणि जिथे माणसाचा अंगठा असतो तिथे टायराचं रबर चिरलेलं होतं.

डेल्बर्टने आपला उजवा अंगठा डाव्या मुठीत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

ओपल जवळ आली नाही. ती सरपणाजवळच उभी होती, एक हात ॲप्रनच्या खिशात. चाळीस वर्षं लॉनीचं रिव्हॉल्व्हर टेबलक्लॉथखाली होतं. ते तिनेच भरलं होतं, तिनेच फोडायला लावलं होतं. खिशातल्या पट्टीवरची अक्षरं ती बोटाने चाचपत राहिली.

“पाच जण,” डेल्बर्ट म्हणाला. “क्लोव्हिसपण.”

“हो.”

“माझ्या सांगण्यावरून.”

“हो, डेल्बर्ट.”

शनिवारी पिकअपमध्ये तो ओपलच्या शेजारी बसला होता. मांडीवर पिठाची पिशवी. बंबखान्याच्या वळणावर ओपल म्हणाली, “तू सांगितलं नाहीस तर मी सांगणार. आणि मी सांगितलं तर पहिल्या मंगळवारापासून सांगणार. खळीसकट.”

“कॉफीपर्यंत वेळ दे.”

आत बकव्हीटच्या धिरड्यांचा आणि सॉसेजचा धूर भरला होता. मैदानात पिंजऱ्यात नऊ टर्की आपल्या भवितव्याविषयी गावाइतक्याच बेफिकीर. पाचही जण काखेत नवी रिव्हॉल्व्हरं घेऊन उभे, क्लोव्हिस मधोमध, केस पाणी लावून विंचरलेले. कुणीतरी ओरडलं, “डेल्बर्ट, चल! तुझ्या चेल्यांचा मुहूर्त आहे!”

डेल्बर्टने कॉफी संपवली. मग तो बाकावर चढला. ओपलने हातातलं धिरडं ताटलीत ठेवलं.

“थांबा,” तो म्हणाला, आणि पिशवी टेबलावर उलटी केली. फुटलेलं पोलाद ताटल्यांमध्ये खणखणत पडलं. “हे माझं. काल फुटलं. सहाव्या लष्करी काडतुसाला.”

“पण काका, तुम्ही तर तीनशे...” क्लोव्हिस म्हणाला.

डेल्बर्टने घसा साफ केला. त्याची नजर एक क्षण ओपलवर आली. तिने पाहिलं, माणूस खरं सांगायच्या दाराशी आला आहे, उंबऱ्यावर पाऊल उचललं आहे. आणि मग तो तिथूनच वळला.

“तीनशे मी प्रयोगाची झाडली,” डेल्बर्ट म्हणाला. “दारू कमी करून. मे महिन्यापासून प्रयोग चालू होता. हलक्या दारूवर रिव्हॉल्व्हर किती दिवस टिकतं, ते बघायचं होतं. आणि काल शेवटची परीक्षा, पूर्ण ताकदीची. टायरला बांधून, दोरीने. हातात धरून कुठला गाढव झाडेल?” त्याने पाचही जणांकडे कडक नजरेने पाहिलं. “तुम्ही मला विचारल्याशिवाय थेट डबे विकत घेतलेत. तुम्हाला काय म्हणावं?”

पाचही जणांनी माना खाली घातल्या. एकाने टोपी काढली. “आमच्यासाठी एवढं केलंस, डेल्बर्ट,” बंबाचा चालक म्हणाला, आणि टाळ्या वाजल्या. क्लोव्हिसने आपलं रिव्हॉल्व्हर हळूच बाकावर ठेवलं, जसा कारखान्यात तडा गेलेला वाडगा बाजूला ठेवायचा तसं.

ओपलने धिरडं उचललं आणि खाल्लं. तिने तोंड उघडलं ते फक्त तेवढ्यासाठी. पाच उजवे हात बाकावर सुखरूप टेकलेले होते, आणि त्यांच्यापुढे डेल्बर्टचं खोटं तिला परवडण्यासारखं वाटलं.

व्हर्जिल शेजारी येऊन उभा राहिला. “तीनशे गोळ्या उपसल्या,” तो हळू म्हणाला. “डेल्बर्टने. त्या संधिवाताच्या अंगठ्याने.”

“ऐकलंस ना, प्रयोग होता.”

“मेपासून ते रिव्हॉल्व्हर खोकल्यासारखं वाजत होतं. मला वाटलंच, ओपल.”

“मग बोलला का नाहीस?”

“कुणी विचारलं नाही.”

“सहा डॉलर घेताना पाच वेळा तोंड उघडलंस, व्हर्जिल. एकदा आणखी उघडायला काय झालं होतं?”

व्हर्जिलने बुटांकडे पाहिलं. त्या दिवसाचे त्याचे शब्द संपले होते.

पुढचं सगळं डेल्बर्टनेच ठरवलं. पाचही जणांनी आपापले खाकी डबे घेऊन यायचं, आणि तो ते ‘दुरुस्त’ करून देणार. “ओपलकडे ठेवून जा,” तो म्हणाला. “किरकोळ हातकाम ती बघते.” सोमवारी स्वयंपाकघराच्या दारात दहा डबे होते. ओपलने पाहिले आणि दर सांगितला, काडतुसाला दहा सेंट. म्हणजे दुकानातले पाच धरून पंधरा. कॅनडाहून येणारं काडतूस चौदाला पडत होतं. हा हिशोब गावात एकाही पुरुषाने केला नाही, कारण स्वस्त पडतं म्हणून तर हे सगळं आरंभलं होतं. क्लोव्हिसची तेवढी फुकट.

त्या नाताळात तो चारही माकडांना आणि बायकोला घेऊन आला. ओपलने त्याला पिठाची पिशवी दिली. आत पोलाद नव्हतं, नुसती लाकडी पट्टी होती. त्याने ती उलटी केली, खिळ्याने कोरलेली वेडीवाकडी अक्षरं वाचली, आणि परत परत अंगठा फिरवला.

“हे बाबांनी?”

“त्यांनी. तुझ्यासाठी ठेवलं होतं. बाकीचं मध्येच कामी आलं.”

“कशाच्या कामी, आत्या?”

“प्रयोगाच्या,” ओपल म्हणाली. “काकांना विचार, सांगतील.”

काकांनी सांगितलं. अर्धा तास सांगितलं, हातवारे करून, आणि टायर आता तीसऐवजी साठ फुटांवर होता. क्लोव्हिसने आत्यासाठी स्वतः कोरलेला वाडगा आणला होता, कडेने नेचाची पानं, तळाला एक तारा. ओपलने तो टेबलाच्या टोकाला, सांच्यापाशी ठेवला. पुढे कित्येक वर्षं त्यात पोलादी चंद्रकोरी असायच्या. आणि दर नाताळात, डेल्बर्टची गोष्ट रंगात आली की, क्लोव्हिस बटाट्यांचं भांडं पुढे सरकवताना ओपल त्याची बोटं मोजून घ्यायची. दहा भरली की मग ती जेवायला सुरुवात करायची.